भरावाची वाळू ‘वाहून जाते’ म्हणजे नेमके काय होते?

धूप रोखण्यासाठी किनाऱ्यावर घातलेला वाळूचा भराव पहिल्या वादळात खचला, की ‘पैसा समुद्रात गेला’ असे म्हटले जाते. हा समज जुना आहे आणि डोळ्यांना जे दिसते त्यावरच बेतलेला आहे: काल जिथे रुंद पुळण होती, तिथे आज पुरुषभर उंचीचा तुटका कडा उभा असतो. मात्र त्या कड्यातून सुटलेली बरीचशी वाळू किनाऱ्यालगतच पाण्याखाली दांड्याच्या, म्हणजे वाळूच्या लांबट उंचवट्याच्या, रूपात साचते, लाटा त्या दांड्यावर आधीच फुटतात आणि घरांपर्यंत पोहोचणारा त्यांचा जोर ओसरतो. शांत हवामानातल्या संथ लाटा त्यातला काही भाग पुन्हा वर आणून टाकतात. रस्त्याऐवजी वाळूने झिजावे, हीच तर योजना असते.

काही वाळू किनाऱ्याला समांतर प्रवाहाबरोबर कायमची पुढे सरकते, हे खरे. म्हणूनच भराव काही वर्षांनी पुन्हा घालावा लागतो आणि तो खर्च आराखड्यात आधीच धरायचा असतो. (न धरणाऱ्यांना दोष जरूर द्यावा.) नेदरलँड्सने २०११ मध्ये हेगजवळ सुमारे २.१५ कोटी घनमीटर वाळू एकाच ठिकाणी टाकली, ती लाटांनी आणि प्रवाहांनी किनाराभर पसरवावी याच हेतूने. मूळ वाळूपेक्षा बारीक वाळू वापरली, तर मात्र भराव खरोखरच लवकर जातो.