स्लॅबच्या दिवशीची जास्तीची बादली

सकाळी मिक्सर सुरू होतो, घमेली वर जायला लागतात आणि तासाभरात वरून हाक येते, "माल सुका येतोय, पाणी सोड." मिक्सरवरचा माणूस एक बादली जास्त ओततो. माल सरसर पसरतो, सगळ्यांचं काम हलकं होतं. बांधकामाच्या प्रदूषणाचा विषय निघाला की आपण धूळ आणि आवाजाबद्दल बोलतो. पण या बादलीचा हिशेब थेट हवामानबदलाशी जाऊन भिडतो, आणि तो सुधारायला नवं यंत्र लागत नाही.

सिमेंटचा जीव म्हणजे क्लिंकर. चुनखडी आणि माती भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजली की तो तयार होतो. जळणाचा धूर वेगळाच, पण खुद्द दगडातूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली तर ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो वायू उडून जातो. भट्टी उद्या सौरऊर्जेवर चालवली तरी हे ४४ किलो टळणार नाहीत. सगळं धरून एक टन क्लिंकरमागे साधारण ८५० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगाच्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के आहे, तो यामुळेच.

मग माल लांबून आणण्याचं काय? शनिवारवाड्यासाठी दगड चिंचवडच्या खाणींतून, सागवान जुन्नरच्या जंगलातून आणि चुना जेजुरीहून आला होता. आजही पुण्याच्या पायाखाली बसाल्ट आहे, त्यामुळे खडी जवळच मिळते. सिमेंटजोग्या चुनखडीचे मोठे साठे मात्र चंद्रपूर-यवतमाळकडे किंवा कर्नाटकात कलबुर्गीच्या बाजूला. तरीही एवढ्या लांबच्या वाहतुकीचा कार्बन भट्टीपुढे किरकोळ ठरतो. म्हणून खरी बचत एकाच ठिकाणी आहे: क्लिंकर कमी वापरणं.

आकडे मांडून पाहू. १००० चौरस फुटांचा ५ इंची स्लॅब, बीम सोडून, म्हणजे सुमारे १२ घनमीटर काँक्रीट. एम २५ या ताकदीच्या काँक्रीटसाठी घनमीटरमागे ३४० किलो सिमेंट धरलं तर ८२ गोण्या, चार टनांहून थोडं जास्त. ओपीसी, म्हणजे साधं पोर्टलँड सिमेंट, हे जवळजवळ निव्वळ क्लिंकरच. पीपीसी या मिश्र सिमेंटमध्ये औष्णिक वीजकेंद्रातली राख, म्हणजे फ्लाय अ‍ॅश, १५ ते ३५ टक्के असते. ३० टक्के राखेची पीपीसी घेतली तर सव्वा टन क्लिंकर वाचतो, आणि त्याबरोबर एक टन कार्बन डायऑक्साइड. एका मजल्याच्या एका स्लॅबमागे.

पीपीसी उशिरा पकडते, ही मिस्त्रीची तक्रार खरी आहे. सिमेंट आणि पाण्याच्या प्रक्रियेत जो चुना मोकळा होतो, त्याच्याशी राखेची प्रक्रिया नंतर सावकाश होते. त्यातून काँक्रीटची छिद्रं भरतात आणि पुढे ते ओपीसीपेक्षा घट्ट होतं. पण यासाठी ओल टिकावी लागते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार ओपीसीला किमान ७ दिवस पाणी मारायचं, पीपीसीला किमान १०. सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचा साचा, खोलायची घाईही चालत नाही: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे प्रॉप, म्हणजे टेकू, ओपीसीत ७ दिवसांनी काढता येतात, पीपीसीत त्याहून जास्त थांबायचं. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत हवा कोरडी असते आणि दुपारनंतर वारा सुटतो. तेव्हा माल पुरता घट्ट व्हायच्या आधीच वरचा थर सुकून केसासारख्या भेगा पडतात. त्या दिवसांत स्लॅब पहाटे किंवा संध्याकाळी भरावा, पृष्ठभाग बसला की प्लास्टिक अंथरावं आणि दुसऱ्या दिवशी वाफे करून पाणी साठवावं. कॉलमला गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवावं. क्युरिंग म्हणजे काँक्रीट सतत ओलं ठेवणं; पाइपने दिवसातून दोनदा शिंपडणं नव्हे.

आता बादलीकडे. पाणी-सिमेंटच्या प्रमाणावर काँक्रीटची ताकद ठरते, हे अमेरिकी संशोधक डफ अब्रॅम्स यांनी १९१८ मध्ये दाखवून दिलं. ५० किलोच्या गोणीला ०.४५ प्रमाणाने साडेबावीस लिटर पाणी बसतं. रासायनिक प्रक्रियेला त्यातलं जेमतेम बारा लिटर लागतं. उरलेलं पाणी माल हलता ठेवतं, त्यातलं बरंचसं पुढे उडून जातं आणि मागे पोकळ्या राहतात. १० लिटरची एक बादली वाढली की प्रमाण ०.६५ वर जातं आणि ताकद तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त घटते. साइटवर पाणी आवरलं जाणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून गोण्या आधीच वाढवून ठेवल्या जातात. हवेत जाणारा फुकटचा कार्बन तो हाच.

पाणी वाढतं त्यामागे आळसापेक्षा वाळू जास्त असते. पुण्यात आता बहुतेक काम क्रश सँडवर, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूवर, चालतं. तिचे कण टोकदार, शिवाय बारीक भुकटी पुष्कळ. भुकटी वजनाने १५ टक्क्यांपर्यंत चालते, त्यापुढे माल पाणी पीत राहतो. पावसाळ्यात उलटा घोटाळा होतो. गोणीमागे १०० किलो वाळू असेल आणि तिच्यात ५ टक्के जास्तीची ओल असेल, तर ५ लिटर पाणी न मोजताच मिक्सरमध्ये गेलेलं असतं. तेवढं बादलीतून कमी करायला हवं.

माल खरोखरच आखडत असेल तर पाण्याऐवजी सुपरप्लास्टिसायझर घालावा. पाणी न वाढवता माल हलता ठेवणाऱ्या या रसायनाला साइटवर नुसतं केमिकल म्हणतात. गोणीला साधारण २५० ते ५०० ग्रॅम, तेही मोजलेल्या पाण्यातलं थोडं पाणी राखून त्यात मिसळून. जास्त पडलं तर खडी खाली बसते आणि माल पकडायला तासन् तास घेतो. माल किती पातळ आहे हे तपासायला स्लंपचा, म्हणजे माल किती खाली बसतो ते मोजायचा, साचा पुरे: ३० सेंटीमीटर उंच, तळाला २० आणि वर १० सेंटीमीटर रुंद. तो ओला करून पत्र्यावर ठेवायचा, थराथराने भरत प्रत्येक थर सळईने २५ वेळा ठोसायचा आणि सरळ वर उचलायचा. लिफ्टने चढवायच्या मालासाठी ७५ ते १०० मिलिमीटर बसला की ठीक. ढिगाच्या कडेने पाणी वेगळं ओघळू लागलं तर तो माल स्लॅबवर जाऊ देऊ नये.

पुनर्विकासात पाडलेल्या इमारतींचा राडारोडा अजूनही नदीपात्रात आणि टेकड्यांच्या पायथ्याला पडलेला दिसतो, हे फार वाईट आहे. तो वापरता येतो, पण पाडतानाच वेगळा केला तर. आधी दारं-खिडक्या आणि वायरी, मग पीओपी. पीओपीतलं सल्फेट काँक्रीटला आतून फोडतं, म्हणून त्याचा तुकडाही मिसळता कामा नये. मग फरशा, विटा आणि शेवटी स्लॅब-बीम. खडी-वाळूच्या २०१६ च्या आयएस ३८३ मानकाप्रमाणे जुन्या काँक्रीटची खडी एम २५ पर्यंतच्या आरसीसीत, म्हणजे सळईच्या काँक्रीटमध्ये, २० टक्के चालते, सळई नसलेल्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, आणि एम १५ च्या खालच्या कमी ताकदीच्या काँक्रीटमध्ये तर पूर्णच. मात्र या खडीला जुना मसाला चिकटलेला असतो आणि तो पाणी शोषतो. कोरडी टाकली की पुन्हा वरून हाक येते, "पाणी सोड." म्हणून तिचा ढीग आदल्या रात्रीच भिजवून ठेवावा. सकाळी ती आतून ओली आणि वरून निथळलेली असते, आणि मिक्सरला साडेबावीस लिटरच पुरतात.