जुन्या होम कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर पीसीवर कसं आलं, थोडी पार्श्वभूमी

आजकाल इम्युलेटर, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम, डाउनलोड करायचा, गेमची फाइल उचलून त्याच्या विंडोत टाकायची आणि १९८३ चा गेम दोन सेकंदांत सुरू, इतकं सोपं झालंय. त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की पीसी एवढा फास्ट म्हटल्यावर जुना ८-बिट कॉम्प्युटर त्यात सहज मावणारच, त्यात काय मोठं. पण हे करणाऱ्यांचा घाम काढला तो टायमिंगने. जुन्या मशीनमध्ये कुठली गोष्ट नेमकी कुठल्या क्षणी व्हायची ते तसंच घडवून आणायचं, आणि ते जमायला हौशी लोकांची वीस-पंचवीस वर्षं गेली.

मूळ कल्पना होम कॉम्प्युटरपेक्षा बरीच जुनी आहे. एक मशीन दुसऱ्याचं काम हुबेहूब करू शकतं हे ॲलन ट्युरिंगने १९३६ मध्येच कागदावर दाखवलं होतं. धंद्यात ते आणलं आयबीएमने, १९६४ ला सिस्टीम ३६० जाहीर झाली तेव्हा त्यांच्या जुन्या १४०१ मशीनवाले कस्टमर भरपूर होते आणि सगळे प्रोग्राम नव्याने लिहून घ्यायला कोण तयार होणार, म्हणून नव्या मशीनच्या मायक्रोकोडमध्येच (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्राममध्ये) १४०१ चे प्रोग्राम चालवायची सोय करून दिली. तिथे कंपनीचा फायदा होता म्हणून कंपनीने केलं. होम कॉम्प्युटरच्या बाबतीत कंपन्या बुडाल्या किंवा धंदा विकून मोकळ्या झाल्या, आणि काम अंगावर घेतलं ते वापरणाऱ्यांनीच.

१९७७ ला ॲपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० हे तिन्ही एकाच वर्षात आले, १९८१ च्या शेवटी बीबीसी मायक्रो, १९८२ ला झेडएक्स स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४, १९८३ ला एमएसएक्स. यातल्या जवळजवळ कुठल्याच मशीनचं सॉफ्टवेअर दुसऱ्यावर चालत नव्हतं. एमएसएक्स तेवढा अपवाद, कारण तो मुळात अनेक कंपन्यांनी मिळून पाळायचा स्टँडर्डच होता. मेमरी ४ केबीपासून फार तर ६४ केबीपर्यंत, प्रोसेसर १ ते ४ मेगाहर्ट्झचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एका मॉडेलचं प्रत्येक मशीन सारखंच वागायचं, त्यामुळे प्रोग्रामर डोळे झाकून धरून चालायचे की ही इन्स्ट्रक्शन इतकेच क्लॉक (प्रोसेसरचे ठोके) घेणार, तेवढ्यात टीव्हीवर ओळीओळीने चित्र काढणारा किरण अमुक ओळीवर पोचलेला असणार. सगळी करामत या भरवशावर चालायची.

स्पेक्ट्रमचंच उदाहरण घ्या. स्क्रीन २५६ बाय १९२ ठिपक्यांची, पण रंग ८ बाय ८ च्या चौकटीला दोनच. एक ओळ काढायला २२४ क्लॉक, पूर्ण फ्रेमला ६९,८८८ क्लॉक, सेकंदाला साधारण ५० फ्रेम. आता एखाद्याने किरण पुढच्या ओळीवर जायच्या आत त्या चौकटीचा रंग बदलला तर एकाच चौकटीत दोनापेक्षा जास्त रंग दिसतात, आणि लोकांनी ते केलंही. त्यात भर म्हणजे स्क्रीन काढणारी यूएलए चिप आणि प्रोसेसर दोघांना रॅमचा खालचा १६ केबी भाग एकाच वेळी हवा असतो, मग यूएलए वाचत असताना प्रोसेसरला काही क्लॉक थांबवून ठेवलं जातं, आणि किती थांबवायचं हे ओळीत तुम्ही कुठे आहात त्यावर ठरतं. इम्युलेटरमध्ये हा हिशोब थोडा जरी चुकला तरी रंगाच्या पट्ट्या बाजूला सरकलेल्या दिसतात.

इम्युलेटरचा गाभा तसा साधा असतो. मेमरीतून एक बाइट वाचायचा, तो काय सांगतो ते बघायचं, तेवढं काम करायचं, पुढच्या बाइटवर जायचं. स्पेक्ट्रमच्या झेड८० प्रोसेसरमध्ये हेक्स ३ई हा कोड आला की पुढचा बाइट ए रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यात) भरायचा आणि ७ क्लॉक गेले असं धरायचं. असं सेकंदाला लाखो वेळा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ३८६ आणि ४८६ पीसीवर हे पूर्ण स्पीडने करायचं तर असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेत, लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हतं. डॉसवर चालणारा गर्टन लुंटरचा झेड८० नावाचा स्पेक्ट्रम इम्युलेटर त्या काळातला, त्याची स्नॅपशॉट फाइल (चालू मशीनची त्या क्षणाची स्थिती साठवणारी) इतकी रुळली की आजचे इम्युलेटरही ती उघडतात. कमोडोर ६४ साठी डॉसवर सी६४एस आला आणि युनिक्सवर एक्स६४, ज्याचा पुढे व्हाइस झाला आणि तो अजूनही जोरात चालू आहे. १९९५ ला कमोडोरच्याच अमिगा कॉम्प्युटरसाठी यूएई सुरू झाला, तेव्हा नावातल्या पहिल्या अक्षराचा अर्थच न वापरण्याजोगा असा होता. अमिगामध्ये ६८००० प्रोसेसरच्या जोडीला चित्र, आवाज आणि डिस्क सांभाळणाऱ्या वेगळ्या चिप आहेत आणि सगळ्या एकाच वेळी मेमरीवर हक्क सांगतात, ते सगळं तेव्हाच्या पीसीला खरंच झेपणारं नव्हतं. पुढे त्याच मुळातून विनयूएई निघाला.

या पहिल्या पिढीतले बरेच इम्युलेटर प्रोसेसर बरोबर चालवायचे आणि बाकीचं अंदाजपंचे. स्क्रीन फ्रेमच्या शेवटी एकदम काढायची किंवा फार तर ओळीओळीने. बहुतेक गेम त्यावर छान चालायचे, आणि जे नाही चालायचे तिथूनच खरा अभ्यास सुरू झाला.

कमोडोर ६४ ने तर फारच छळलंय. त्याची चित्र काढणारी व्हिक-टू चिप बॉर्डर (चित्राभोवतीची रिकामी चौकट) कधी सुरू करायची ते ठरावीक ओळीवर तपासते. नेमक्या वेळी २५ ओळींचा मोड बदलून २४ चा केला की तपासायचा क्षण निघून जातो आणि बॉर्डर लागतच नाही, मग तिथेही स्प्राइट (हलती छोटी चित्रं) दाखवता येतात. बाजूच्या बॉर्डर उघडायच्या तर हीच चलाखी प्रत्येक ओळीत अचूक क्लॉकवर करावी लागते. डेमो, म्हणजे मशीनची करामत दाखवणारे प्रोग्राम, लिहिणारे हे सर्रास वापरायचे. ख्रिश्चन बाउअरने १९९६ मध्ये या चिपचा क्लॉकगणिक हिशोब मांडून सगळ्यांसमोर ठेवला आणि स्वतःच्या फ्रोडो इम्युलेटरच्या दोन आवृत्त्या ठेवल्या, एक ओळीच्या हिशोबाने चालणारी फास्ट आणि दुसरी एकेक क्लॉक मोजणारी स्लो पण जास्त बिनचूक. फास्ट हवं की अचूक, हा प्रश्न त्या काळात प्रत्येक इम्युलेटर लिहिणाऱ्यासमोर होता आणि दोन्ही मिळण्याइतका दमदार पीसी कोणाकडेच नव्हता.

डिस्क ड्राइव्हची गोष्ट मला सगळ्यात भारी वाटते. कमोडोरचा १५४१ ड्राइव्ह म्हणजे स्वतः एक कॉम्प्युटरच, आत वेगळा ६५०२ प्रोसेसर, २ केबी रॅम, १६ केबी रॉम (आधीच प्रोग्राम भरलेली कायमची मेमरी). पण कॉम्प्युटरशी बोलायची सीरियल लाइन इतकी स्लो की सेकंदाला साधारण ४०० बाइट यायचे, म्हणजे ५० केबीचा गेम लोड व्हायला दोन मिनिटं. यावर लोकांनी उपाय काढला की आपलाच छोटा प्रोग्राम ड्राइव्हच्या रॅममध्ये पाठवायचा आणि दोन्ही बाजूंनी क्लॉक मोजत, मध्ये विचारपूस न करता बिट ढकलत राहायचे. हा फास्टलोडर. आता ज्या इम्युलेटरमध्ये ड्राइव्ह म्हणजे नुसतं फाइल वाचणारं फंक्शन आहे त्यात असले गेम लोडिंगलाच अडकणार हे उघड आहे, म्हणून मग ड्राइव्हचा प्रोसेसरसुद्धा इम्युलेट करावा लागला, मुख्य मशीनच्या बरोबरीने आणि एकमेकांशी ताल धरून. एक गेम चालवायला पीसी दोन कॉम्प्युटर चालवतो ते यामुळे. आजही व्हाइसमध्ये खऱ्या ड्राइव्हच्या इम्युलेशनचा वेगळा ऑप्शन दिसतो, तो बंद केला की लोडिंग झटपट होतं पण काही गेम रुसतात.

आता टेप आणि फ्लॉपीवरचं पीसीत आणायचं कसं, हा एक वेगळाच भाग. कॅसेट त्यातल्या त्यात सोपी, प्लेयर साउंड कार्डला जोडायचा आणि रेकॉर्ड करायचं. स्पेक्ट्रमची साधी टॅप फाइल नेहमीच्या लोडिंगला पुरायची पण कॉपी प्रोटेक्शनवाल्या टेपमध्ये पल्सची लांबीच वेगळी असायची, म्हणून टीझेडएक्स फॉरमॅट आला आणि त्यात प्रत्येक पल्स किती लांब तेही लिहायची सोय झाली. अमिगाची ८८० केबीची फ्लॉपी दिसायला अगदी पीसीच्याच फ्लॉपीसारखी, पण अमिगा ट्रॅक आपल्या पद्धतीने लिहायचा आणि पीसीच्या कंट्रोलरला तो वाचताच यायचा नाही, त्यामुळे खरा अमिगा चालू ठेवून सीरियल केबलने डेटा खेचावा लागायचा. नंतर डिस्कवरचे चुंबकीय बदलच थेट नोंदवणारं हार्डवेअर निघालं आणि २०१८ मध्ये ॲपल टू साठी वॉझ फॉरमॅट आला, त्यात प्रोटेक्शन न काढता मूळ डिस्क जशी होती तशी ठेवता येते. हे मला फार मोलाचं वाटतं. क्रॅक केलेल्या (प्रोटेक्शन काढलेल्या) कॉपीत बऱ्याचदा सुरुवातीचं स्क्रीन उडवलेलं असतं, कधी एखादा बगही शिरलेला असतो, आणि तीच कॉपी सगळीकडे फिरत राहिली तर मूळ प्रोग्राम कसा होता हे कोणाला कळायचंच नाही.

कायद्याचंही बघायला हवं. ॲपल विरुद्ध फ्रँकलिन केसमध्ये १९८३ ला अमेरिकेतल्या कोर्टाने सांगितलं की रॉममधल्या प्रोग्रामलाही कॉपीराइट लागू होतो. म्हणजे इम्युलेटर स्वतः लिहिला तरी मशीनचा रॉम कोणाचा तरी असतोच. स्पेक्ट्रमवाल्यांचं नशीब चांगलं, १९८६ ला ॲमस्ट्रॅड कंपनीने स्पेक्ट्रम बनवणाऱ्या सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा ५० लाख पौंडांना घेतला होता आणि १९९९ मध्ये त्यांनी कळवून टाकलं की कॉपीराइटचा उल्लेख तसाच ठेवून इम्युलेटरबरोबर रॉम द्यायला आमची हरकत नाही. म्हणून स्पेक्ट्रमचे इम्युलेटर इन्स्टॉल केल्या केल्या चालतात. अमिगाचा रॉम मात्र लायसन्सने घ्यावा लागतो, क्लोअँटो कंपनी १९९७ पासून तो अमिगा फॉरएव्हर पॅकेजमध्ये विकतेय. एमएसएक्ससाठी लोकांनी सी-बायोस नावाचा मोफत रॉम पहिल्यापासून लिहून काढला. गेमचं म्हणाल तर कंपनी बंद झाली म्हणून कॉपीराइट संपत नाही, लोक काहीही म्हणोत.

२००० नंतर पीसीकडे ताकद उरायला लागली आणि अचूकपणा वाढत गेला. झेड८० च्या मॅन्युअलमध्ये नसलेल्या इन्स्ट्रक्शन, फ्लॅग रजिस्टरमधले दोन बिनकामाचे समजले जाणारे बिट, आतलं एक लपलेलं रजिस्टर, सगळं लोकांनी खऱ्या चिपवर टेस्ट चालवून शोधून काढलं. २०१० मध्ये व्हिज्युअल ६५०२ प्रकल्पवाल्यांनी तर चिप उघडून तिचे फोटो काढले आणि त्यावरून साडेतीन हजारांच्या आसपासच्या ट्रान्झिस्टरचं सिम्युलेशन चालवून दाखवलं, तेव्हा तर्काला जागाच उरली नाही. कमोडोरच्या सिड साउंड चिपशी झगडा त्यानंतरही चालू राहिला, कारण तिचा फिल्टर ॲनालॉग आहे आणि जुन्या ६५८१ मॉडेलमध्ये तर दोन चिपचा आवाजसुद्धा एकसारखा येत नाही.

२०१३ ला इंटरनेट आर्काइव्हने अनेक जुन्या मशीनचा मेस इम्युलेटर जावास्क्रिप्टमध्ये आणून ब्राउझरमध्येच जुनं सॉफ्टवेअर चालवायची सोय केली, इन्स्टॉल करायची भानगडच संपली. ज्याला नुसतं बघायचंय त्याला तेवढं पुरतं. नीट खेळायचं असेल तर मात्र पीसीवरचाच इम्युलेटर घ्या. स्पेक्ट्रमचा घेतलात तर कीबोर्डवरचं J दाबा, अख्खा लोड शब्द येईल, मग बऱ्याच इम्युलेटरमध्ये कंट्रोल आणि पी दोनदा, एंटर, आणि फास्ट लोडिंग एकदा तरी बंद ठेवून बॉर्डरवरच्या पट्ट्या आणि तो आवाज पाच मिनिटं अनुभवा, कारण लोडिंग हाही त्या सॉफ्टवेअरचा भागच होता.

सध्या काम चाललंय ते मॉनिटरवर. युरोपातली जुनी मशीन सेकंदाला ५० फ्रेम काढायची आणि आपले मॉनिटर बहुतेक ६० हर्ट्झचे, त्यामुळे स्क्रोलिंगला बारीक झटके बसतात, शिवाय जुना टीव्ही ओळ आली की लगेच दाखवायचा आणि पीसी पूर्ण फ्रेम साठवून मग दाखवतो म्हणून बटण दाबल्यापासून हालचाल दिसेपर्यंत उशीर होतो. ५० हर्ट्झवर सेट होणारा किंवा रिफ्रेश रेट बदलू शकणारा मॉनिटर असेल तर पहिला त्रास जातो. दुसऱ्यासाठी विनयूएईने २०१८ मध्ये फ्रेमचे आडवे तुकडे करून, मॉनिटर जिथवर पोचलाय त्याच्या जरासं पुढे राहून ते पाठवायला सुरुवात केली.