मोहीम (युद्धखेळ)

टेबलावर नकाशा मांडून, सोंगट्यांच्या फौजा हलवत खेळायच्या युद्धखेळात एकीच्या पोटातून दुसरी निघावी अशा लढायांची मालिका म्हणजे मोहीम. पहिल्या लढाईतली पडझड पुढच्या लढाईत भोगावी लागते. त्यामुळे फाशांचे दान, खेळाडूंमधले तह आणि रणांगणावरचे डावपेच यांचा मेळ बसला तरच मोहीम रंगते.

हा मेळ कसा बसवायचा, हा प्रश्न जुनाच आहे. अकराव्या शतकात प्रवासी विद्वान अल्-बिरूनीने हिंदुस्थानातल्या चौघांच्या बुद्धिबळाचे वर्णन केले; त्यात कोणते मोहरे हलवायचे ते फासा ठरवी. प्रशियात राइसविट्झ पिता-पुत्रांनी १८१२ ते १८२४ या काळात घडवलेल्या लष्करी खेळात फाशांच्या जोडीला निवाडा करणारा पंच आला. १९५९ च्या ‘डिप्लोमसी’ या पटावरच्या खेळात मात्र फासाच नाही: सात खेळाडू आपसात बोलणी करतात, हुकूम लिहितात आणि ते एकदम उघडतात.

नशिबाबाबत कळीची गोष्ट एकच: दान निर्णयाआधी पडते की नंतर? बेळगाव सीमाभागाचा नकाशा घेतला की हे चटकन ध्यानात येते. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात पावसाळा जबर. म्हणून पावसाळी फेरीच्या सुरुवातीलाच फासा टाकावा. पाच किंवा सहा पडले, म्हणजे तीनात एकदा, तर चोर्ला घाट त्या फेरीपुरता बंद. गोव्याकडची कुमक अडली. आता भीमगड किल्ल्यावरच्या शिबंदीने (राखणीच्या फौजेने) दाणागोटा पुरवून खायचा, की शेजाऱ्याशी तह करून त्याच्या मुलखातून वाट मागायची? एका दानाने तह आणि डावपेच दोन्ही कामाला लागले. तोच फासा वेढ्याच्या शेवटी टाकून ‘किल्ला पडला की नाही’ ठरवले, तर खेळाडूंनी केलेला सगळा विचार मातीमोल होतो. लढाईत फासे जरूर असावेत, पण अनेक आणि लहान परिणामांचे: एका फाशावर सहा पडण्याची शक्यता सहात एक, दोन फाशांवर बारा पडण्याची छत्तीसात एक.

तह हा सर्वांत नाजूक भाग. तिघांच्या मोहिमेत दोघे एक झाले की तिसऱ्याचे डावपेच कितीही सरस असले तरी तो संपला. शिवाय हरत चाललेला गडी रागाने आपले किल्ले ज्याच्या पदरात टाकेल तो जिंकतो. मोहिमा मोडतात त्या बहुधा इथेच. तह लेखी आणि ठरावीक फेऱ्यांपुरता असावा, तो मोडायची मुभा असावी, पण फुकट नाही. कित्तूरचा प्रसंग यासाठी फार मोलाचा. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी राणी चन्नम्मा यांच्या फौजेशी झालेल्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, दोन इंग्रज अधिकारी ओलीस सापडले आणि बोलणी सुरू झाली. ओलीस सुटले, तरी डिसेंबरात किल्ला पडलाच. ही मोहीम मांडताना ओलिसांची वेगळी सोंगटी करावी आणि ती राणीच्या बाजूला असेपर्यंत इंग्रजांना तोफा डागायला बंदी ठेवावी. मग ओलीस कधी सोडायचे आणि कशाच्या बदल्यात, हा पेच खेळाडूला खरोखर छळतो.

सोंगट्यांसाठी बाहेर पाहायला नको. इथल्या मराठी घरांत दिवाळीच्या किल्ल्यासाठी आणलेले मातीचे मावळे उत्तम चालतात. मोजमाप मात्र सर्वांचे सारखे हवे.

डावपेचांना वाव राहायचा तर पहिल्या विजयानेच मोहीम निकालात निघता कामा नये. जिंकणारा जसजसा पुढे सरकेल तसतशी त्याची रसद लांबावी, घेतलेल्या प्रत्येक किल्ल्यावर त्याला शिबंदी सोडावी लागावी, आणि वेळेत माघार घेणाऱ्याची बहुतेक फौज शाबूत राहावी.