पेशंटला काखेत धरून उठवू नका

‘बाबा कधी चालायला लागतील?’ पॅरालिसिसनंतर व्यायामासाठी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक घराचा पहिला प्रश्न हाच असतो. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सहसा सगळ्यात वेगानं होते, म्हणून तुमची घाई आम्हाला कळते. पण याच घाईत एक चूक होते आणि ती फार महाग पडते.

संध्याकाळी मुलगा ऑफिसातून येतो, काखेत हात घालून वडिलांना पलंगावरून ओढून उभं करतो आणि हॉलमध्ये दोन फेऱ्या मारून आणतो. हे सगळं प्रेमापोटीच. पण पॅरालिसिसच्या अटॅकनंतर अधू बाजूच्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात आणि दंडाचं हाड जागेवर धरून ठेवतात ते मुख्यतः हे स्नायूच. ओढाताण झाली की सांधा निसटतो, खांदा ठणकायला लागतो. मग पेशंट ना धड कुशीवर वळतो, ना उठायला तयार होतो. तोल सांभाळण्याच्या व्यायामाचे दिवस खांदा शांत करण्यात जातात. शिवाय असं ओढत चालवलं की सगळा भार चांगल्या पायावर पडतो. मेंदू जे वारंवार करतो तेच शिकतो, लंगडणंही शिकतो.

उठवायचं असं: सोफा नको, तो खाली दबतो. हातांची टणक खुर्ची घ्या. पेशंटला पुढच्या कडेला बसवा. दोन्ही पायांचे तळवे जमिनीवर सपाट, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. अधू पाय पुढे राहतोच, तो हातानं मागे घ्या. आता त्यांना पुढे वाकायला सांगा, नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत. इथे बहुतेकांना पडायची भीती वाटते आणि ते मागे रेलतात. घाई करू नका. पुरेसं वाकलं की बैठक उचलणं सोपं जातं. तुम्ही अधू बाजूला उभे राहा, हात त्यांच्या कमरेच्या पट्ट्यावर. पट्टा आमच्याकडे मिळतो. घरी जाड कापडी असेल तर आणा, तपासून देऊ.

काहींच्या हातापायात जोर असतो, पण पेला तोंडाशी नेताना पाणी सांडतं. लहान मेंदूला इजा झाली की असं होतं. अशांना आम्ही राजमा एका वाटीतून दुसरीत टाकायला देतो. सावकाश, एकेक दाणा. भरभर केलेल्याचा उपयोग नाही.

‘पहिल्या दिवशी नुसतं मोजमाप केलं, व्यायाम दिलाच नाही’, अशी तक्रार येते. हे मोजमाप म्हणजे बर्ग चाचणी, तोल मोजण्याची. तिच्यात १४ कामं असतात, एकूण गुण ५६. बसणं, उठणं, मागे वळून पाहणं, एका पायावर उभं राहणं. कुठे तोल जातो हे पाहिल्याशिवाय व्यायाम देणं म्हणजे अंदाजपंचे. तो कागद तुम्हालाच देतो. पुढच्या मोजणीत फरक आकड्यांत दिसेल.

मालिश आम्ही करत नाही. बरं वाटत असेल तर घरी हलक्या हातानं जरूर करा, पण त्यानं तोल येत नाही. आणि उभं करण्याआधी तळव्यांचं तेल पुसा.

पहिल्या भेटीसाठी शक्यतो आम्हाला घरी बोलवा. पेठेतल्या वाड्याचा लाकडी जिना आणि कोथरूडच्या फ्लॅटमधला बाथरूमचा उंबरा यांचे व्यायाम वेगळे असतात.

अचानक तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात गळाला, तर आमची वाट पाहू नका, लगेच १०८ला फोन करा.

आमच्याकडे येताना डिस्चार्ज कार्ड आणि मागे पट्टा असलेल्या चपला आणा. दिवसभर सांभाळणाऱ्या मावशी असतील तर त्यांनाही घेऊन या, कारण दुपारी उठवणार त्याच आहेत.