मुंबई–कराची: अंतर तेच, वेळ मात्र बदलत गेला

मुंबईला दिल्लीपेक्षा कराची जवळ आहे. सरळ रेषेत मोजले तर दिल्ली सुमारे 1,140 किलोमीटर आणि कराची जेमतेम 880. थेट जेट विमानाला दीड तास पुरतो. तरीही आज या प्रवासाला निदान अर्धा दिवस मोडतो, आणि त्याचे कारण इतिहासात आहे.

1847 पासून 1936 पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीतल्या सर्वांत जुन्या शाळांपैकी एक, 1855 साली सुरू झालेली नारायण जगन्नाथ शाळा, आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. त्या काळी दोन्ही शहरांमध्ये आगबोटीने सहज ये-जा होई.

टाटांच्या हवाई टपालसेवेची सुरुवातही याच वाटेवर झाली. लंडनहून इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीने आलेले टपाल कराचीला उतरत असे. ते पुढे न्यायचे काम टाटांनी अंगावर घेतले. 15 ऑक्टोबर 1932 रोजी सकाळी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीच्या ड्रिघ रोड धावपट्टीवरून एक इंजिनाचे छोटे पस मॉथ विमान उडवले. वाटेत अहमदाबादला उतरून इंधन भरले. पेट्रोलचे डबे तिथे बैलगाडीतून आणले होते. दुपारी दोनच्या सुमारास ते जुहूला पोहोचले. म्हणजे अहमदाबादचा थांबा धरून साधारण सव्वासात तास. तिथून पुढे मद्रासपर्यंतचे टपाल त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेले. जुहूची धावपट्टी पावसाळ्यात पाण्याखाली जायची, त्यामुळे ते महिने विमाने पुण्याहून उडत. एअर इंडियाचे मूळ या सेवेत आहे. पन्नास वर्षांनी, 1982 मध्ये, वयाच्या 78व्या वर्षी जेआरडींनी कराची–मुंबई हेच उड्डाण पुन्हा केले. या वेळी वाटेत आंतरराष्ट्रीय सीमा होती. मला या सगळ्या कहाणीत हे उड्डाण सर्वांत मोलाचे वाटते.

फाळणीनंतरही विमाने चालू राहिली, पण प्रत्येक संघर्षाचा पहिला फटका त्यांनाच बसला. 1965च्या युद्धात ती थांबली. जानेवारी 1971 मध्ये 'गंगा' हे भारतीय विमान अपहरण करून लाहोरला नेले आणि तिथे जाळले गेले. त्यावर भारताने आपल्या आकाशातून पाकिस्तानी विमानांना बंदी घातली. तेव्हा पश्चिम पाकिस्तानातून ढाक्याला जायला श्रीलंकेचा वळसा घ्यावा लागे. हवाई संपर्क 1976 मध्ये पूर्ववत झाला. संसदेवरील हल्ल्यानंतर तो जानेवारी 2002 मध्ये पुन्हा तुटला, आणि 2004च्या पहिल्या दिवशी जोडला गेला.

जमिनीवरचा पर्यायही टिकला नाही. राजस्थान–सिंध सीमेवरच्या मुनाबाव–खोखरापारमार्गे जाणारी थार एक्स्प्रेस ही रेल्वेगाडी फेब्रुवारी 2006 मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट 2019 मध्ये बंद पडली.

एप्रिल 2025 मधील पहलगाम हल्ल्यानंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. मुंबई–कराची थेट सेवा त्याआधीच थांबली होती. व्हिसा मिळालाच तर प्रवाशाला बहुधा आखाती शहरातून जावे लागते. मुंबई–दुबई सुमारे 1,930 किलोमीटर आणि दुबई–कराची सुमारे 1,190, म्हणजे साडेतीनपट अंतर. हवेतले साधारण पाच तास, आणि मधल्या विमानतळावर पुढचे विमान मिळेपर्यंतचा वेळ वेगळा.