टॉवर आणि पोलवर काम करणाऱ्यांसाठी : हातमोजे आणि हार्नेस घेण्याआधी

‘करंटचे हातमोजे आहेत का?’ असं कुणी विचारलं की आम्ही आधी विचारतो, काम किती व्होल्टचं आहे? रबरी हातमोज्यांच्या मनगटापाशी क्लास छापलेला असतो. क्लास 0 (लाल लेबल) 1000 व्होल्टपर्यंत, म्हणजे एलटी (कमी दाबाच्या) लाइनपुरता. 11 केव्हीला (11 हजार व्होल्टला) किमान क्लास 2 (पिवळं), 22 केव्हीला क्लास 3 (हिरवं), 33 केव्हीला क्लास 4 (नारिंगी). लाल लेबलवाले पातळ असतात, बोटं छान वळतात, म्हणून सगळ्यांना तेच हवे असतात. पण 11 केव्हीचा एबी स्विच (पोलवरून लाइन तोडायचा स्विच) ओढायला ते चालणार नाहीत.

रोज घालण्याआधी हातमोज्याचं तोंड गुंडाळून आत हवा कोंडा, बोटं फुगू द्या आणि गालाजवळ धरून दाबा. बारीकशी फुस्स जाणवली तरी तो हातमोजा बाद. वरून चामड्याचे हातमोजे घाला, नाहीतर रबराला भोक पाडायला तारेचं एक टोक पुरतं. गाडीच्या डिकीत ऑइलच्या डब्याशेजारी ठेवू नका. तेलानं रबर फुगतं. दर सहा महिन्यांनी व्होल्टेज टेस्ट करून घ्या. आणि हातमोजे आहेत म्हणून परमिट (लाइन बंद करून कामाची लेखी परवानगी), डिस्चार्ज रॉड (लाइनमधला उरलासुरला करंट जमिनीत सोडायची काठी) आणि अर्थिंग टाळायचं नाही. कुणाच्या तरी इन्व्हर्टर-जनरेटरचा उलटा करंट बंद लाइनवर येऊ शकतो.

हार्नेसमध्ये (अंगभर बांधायच्या सुरक्षा पट्ट्यांमध्ये) गफलत होते ती दोरीत. 1.8 मीटरची दोरी, झटका शोषणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर उघडून आणखी पावणेदोन, पाठीच्या कडीपासून पायांपर्यंत दीड आणि एक मीटर राखीव: हुकाखाली सहा मीटर मोकळे हवेत. आठ मीटरचा सिमेंट पोल जमिनीत दीड मीटर गेला की वर साडेसहाच उरतो. पाच मीटरवर हुक अडकवला तर अ‍ॅब्सॉर्बर पूर्ण उघडेपर्यंत माणूस जमिनीवर! म्हणून पोलला हार्नेसच्या कमरेच्या बाजूच्या दोन कड्यांत अडकणारा पोल-स्ट्रॅप घ्या. उंच मोबाइल टॉवरला मात्र दोन हुकांची अ‍ॅब्सॉर्बरवाली दोरी: एक हुक सोडायच्या आधी दुसरा लागलाच पाहिजे, आणि शक्यतो डोक्याच्या वर. नुसता कमरपट्टा पडण्यापासून वाचवायला आम्ही विकत नाही. झटका पोटावर आणि मणक्यावर येतो. एकदा झटका बसलेला हार्नेस पुन्हा वापरू नका, दिसायला कितीही धडधाकट असो.

हेल्मेट हनुवटीच्या पट्ट्याचं, विजेच्या कामाला जाळीची भोकं नसलेलं. आयएसआय शिक्का बघून घ्या.

काय घ्यावं ठरत नसेल तर साइटचा फोटो पाठवा. सोबत लाइनचं व्होल्टेज आणि पोलची उंची मात्र लिहा.