सेल फ्रिजमध्ये ठेवावेत का?

फ्रिजच्या दारात, लोण्याच्या डबीशेजारी पेन्सिल सेलचं पाकीट ठेवणारी घरं अजूनही आहेत. थंडीत सेल टिकतात हा समज अगदीच खोटा नाही, म्हणून तर तो जाता जात नाही. तापमान १० अंशांनी उतरलं की बऱ्याच रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने निम्मा होतो. पण नुसत्या पडून असलेल्या सेलमध्ये कोणती क्रिया चालू असते?

अल्कलाइन सेलमध्ये जस्ताची भुकटी पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात भिजलेली असते आणि पडद्यापलीकडे मँगनीज डायऑक्साइड. आता गंमत बघा. या द्रावणात जस्ताचं विभव (इलेक्ट्रॉन सोडण्याची ओढ; आकडा जितका जास्त उणे, तितकी ओढ जास्त) सुमारे उणे १.२५ व्होल्ट आणि पाण्यातून हायड्रोजन सुटण्याचं उणे ०.८३. या हिशोबाने जस्ताने तुमच्या रिमोटची वाट न बघता शेजारच्या पाण्यालाच इलेक्ट्रॉन देऊन विरघळून जायला हवं. सेल दुकानात पोचायच्या आतच संपायला हवा.

तो संपत नाही, कारण हायड्रोजनचा अणू आधी धातूला चिकटावा लागतो, मग जोडी जमवून वायुरूपात सुटावा लागतो. आणि जस्त त्याला नीट चिकटूच देत नाही. पुढे उतार आहे खरा, पण आधी घाट चढायचाय. या चढणीला अतिविभव म्हणतात. जस्तात लोखंडाचा किंवा निकेलचा नुसता अंश आला, तरी त्या घाटात बोगदा पडतो आणि हायड्रोजन सुटू लागतो. पाऱ्यावर चढण आणखी उंच असते, म्हणून पूर्वी या जस्तात पारा मिसळत. अमेरिकेने १९९६ साली कायद्याने ते बंद केलं. आता अतिशुद्ध जस्तात इंडियम, बिस्मथ यांचा अंश घालून तेच साधतात.

त्यामुळे चांगला अल्कलाइन सेल खोलीच्या तापमानाला वर्षाकाठी २ ते ३ टक्केच उतरतो. फ्रिज त्यातला एखाद-दीड टक्का वाचवणार, आणि बाहेर काढल्यावर दमट हवेत सेलवर पाणी धरून टोकं गंजणार. गॅसच्या ओट्यापासून लांब, कोरडं कपाट पुरे. जुन्या प्रकारचे रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल मात्र महिन्याभरात पाचवा हिस्सा सहज गमावतात. ते हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवले तर समजू शकतो.

सेल उन्हात ठेवून ‘चार्ज’ करणारेही आहेत. उष्णतेने आयन भराभर हलतात, विजेरी चार मिनिटं उजळते. सूर्याकडून सेलमध्ये काहीही भरलं जात नाही, कितीही व्हिडिओ आले तरी.

खरं नुकसान होतं ते नव्यासोबत जुना सेल घातल्याने. जुना आधी रिकामा होतो, नवा त्याच्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलत राहतो, पुन्हा तोच हायड्रोजन तयार होतो, दाब वाढून सील फुटतं आणि द्रावण बाहेर येतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याची पांढरी पूड होते, ती पोटॅशियम कार्बोनेटची. तिला उघड्या बोटांनी हात लावू नका. कापसावर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा, मग ओलसर कापडाने, आणि पूर्ण वाळल्यावरच नवे सेल घाला.